इलन पाईप्सचा पहिला सेट कुठल्या मेकरकडून घ्यावा?

डब्लिनला शिफ्ट झालाय, इलन पाईप्स, म्हणजे भात्याने हवा भरायची आयरिश बॅगपाईप, शिकायच्यात आणि मेकर कुठला निवडावा असं विचारलंय तुम्ही. माझं मत स्पष्ट आहे, मेकरचं नाव किती मोठं ते राहू दे, तो स्वतः रीड, म्हणजे हवेने थरथरून आवाज काढणारी बोरूची पातळ पट्टी, बनवतो का आणि सेट दिल्यावरही रीड नीट करून देतो का एवढं आधी विचारा. या वाद्याचा सगळा जीव चँटरमधल्या, म्हणजे बोटांनी सूर वाजवायच्या नळीतल्या, त्या दुहेरी रीडमध्ये आहे. सनईवाला रीड ओठांत धरून सांभाळून घेतो, इथे ती आत बंद, उजव्या कोपराखालचा भाता दाबायचा, हवा डाव्या काखेतल्या पिशवीत जाते आणि तिथून रीडवर, म्हणजे ओठांनी सावरायची सोयच नाही. त्यात थंडीत घरात हीटिंग सुरू झालं, हवा कोरडी झाली की रीडचा मूड बदलतो आणि नवीन माणसाला कळतच नाही की चुकतंय ते आपलं की रीडचं, बिचारा आपल्यालाच दोष देत राहतो आणि शेवटी वाद्य सोडून देतो. याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून मेकर बसने जाता येईल इतका जवळ असेल तर फार उत्तम.

फुल सेट आत्ता नको. पिशवी, भाता आणि चँटर, म्हणजे प्रॅक्टिस सेट घ्या, तोही कॉन्सर्ट पिचचा, म्हणजे नेहमीच्या डी पट्टीतला. सी किंवा बी मधले फ्लॅट, म्हणजे खालच्या पट्टीतले सेट ऐकायला फार गोड असतात पण क्लासमध्ये आणि सेशनमध्ये, म्हणजे लोक जमून एकत्र वाजवतात तिथे, बाकी सगळे डी मध्येच वाजवत असतात. पुढे याच सेटला ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या, जोडून देणार का हेही विचारून घ्या.

घेण्याआधी एखाद्या जाणत्या वादकाला वाजवायला लावा. खालचा डी गुरगुरतो का, मागच्या भोकाचा डी दाब वाढला की उतरतो का, वरच्या सप्तकात ई सहज येतो का, हे तीन सूर ऐकले की बरंच कळतं. ऑनलाइन सियालकोटचे स्वस्त सेट दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यातले बहुतेक सुरातच लागत नाहीत.

चांगल्या मेकरकडे वेटिंग मोठं असतं, कधीकधी काही वर्षांचं. तोवर हेन्रिएटा स्ट्रीटवर ना पीबरी इलन ही 1968 पासूनची पायपर लोकांची संस्था आहे तिथे जा, मेंबर व्हा, शिकायला प्रॅक्टिस सेट भाड्याने मिळतो का विचारा. आणि जुलैत क्लेअर काउंटीमधल्या मिलटाउन मॉलबेला विली क्लॅन्सी समर स्कूल असतं तिथे नक्की जा, रीड बनवायचे क्लास असतात, वेगवेगळ्या मेकरची वाद्यं वाजताना ऐकायला मिळतात, आणि कुणाचा सेट बरीच वर्षं वाजवूनही सुरात आहे हे तिथले पायपर मोकळेपणाने सांगतात. ऑर्डर त्यानंतरच द्या.