‘कंपोस्टेबल’ पिशव्या बायोगॅसच्या टाकीत टाकाव्यात का?

नाशिकला गंगापूर रोडवर सोसायटीचा बायोगॅस प्लांट नव्यानेच सांभाळताय, म्हणून आधीच सांगतो: ओल्या कचऱ्याबरोबर येणाऱ्या ‘कंपोस्टेबल’ पिशव्या सरसकट आत सोडू नका. पिशवीवर आयएस १७०८८ (कंपोस्टेबल प्लास्टिकचं भारतीय मानक) असं खरंखुरं छापलेलं असलं, तरी ते मानक कंपोस्टिंगचं आहे. त्यात हवा खेळती असते आणि ढीग ५८ अंशांच्या आसपास तापलेला. आपल्या टाकीत हवा नाही, तापमान उन्हाळ्यात फार तर ३५. डिसेंबरात निफाडकडची थंडी शहरात उतरली की गॅससुद्धा निम्म्यावर येतो, तिथे प्लास्टिक काय कुजणार!

पिशवी कशाची आहे, ते विक्रेत्याला खोदून विचारा. पीएलए (मका-उसासारख्या पिकांपासून बनणारं प्लास्टिक) ३५ अंशांवर महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. ५५ अंशांच्या टाकीत बराच लवकर फुटतो. पीबीएटी (बहुधा खनिज तेलापासून बनणारं लवचिक प्लास्टिक) हवेविना जवळजवळ ढिम्म. स्टार्च आणि पीएचबी (जिवाणूंकडून तयार होणारं प्लास्टिक) मात्र साध्या तापमानालाही जिरतात, वर गॅस देतात. गोम मिश्रणात आहे. स्टार्च-पीबीएटीच्या पिशवीतला स्टार्च जातो आणि उरलेले बारीक कपटे स्लरीबरोबर (टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ खताबरोबर) थेट कुंड्यांत. शिवाय पातळ पिशव्या ढवळणीच्या पात्याला गुंडाळतात. ते सोडवायला टाकी उघडणं म्हणजे नसती आफत.

खात्री हवी असेल तर पिशवीचे तुकडे वजन करून नायलॉनच्या जाळीत बांधा, दोरीने इनलेटमधून (कचरा टाकायच्या तोंडातून) आत सोडा. ३० दिवसांनी काढून, धुऊन, नीट वाळवून पुन्हा वजन करा. तोवर पिशव्या बादलीत रिकाम्या करून फक्त अन्नच आत जाऊ द्या.