आजोबांच्या ट्रंकेत फर्ग्युसन कॉलेजचं मुखपृष्ठ नसलेलं जुनं मॅगझिन सापडलं. ते कोणत्या सालचं हे कसं ओळखायचं, आणि त्याचं पुढे काय करायचं?

आधी एक विनंती. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. लावली असेल तर ओढून काढू नका, तशीच राहू द्या. बाकीचं निवांत बोलू.

मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं काम केलं. तुम्ही त्याला इयरबुक म्हणता, पण अमेरिकेत प्रत्येक विद्यार्थ्याचा वेगळा फोटो छापतात तसलं पुस्तक आपल्याकडे कधी रुळलं नाही. आपल्याकडे होतं ते मॅगझिन किंवा वार्षिक अंक: पुढे इंग्रजी विभाग, मागे मराठी आणि संस्कृत, मग जिमखान्याचे अहवाल, परीक्षांचे निकाल, गुळगुळीत कागदावर ग्रुप फोटो आणि शेवटी जाहिराती. लोक कथा-कविता वाचतात आणि अहवाल सोडून देतात. साल शोधायचं तर नेमकं उलटं करायचं.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत: निकाल मुंबई विद्यापीठाचे आहेत, यू.टी.सी.चा अहवाल आहे आणि वाडिया कॉलेजशी झालेल्या क्रिकेट सामन्याचं वर्णन आहे. एवढ्यावर बरंच जमतं. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं, तोवर पुण्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे अंक त्याआधीचा. यू.टी.सी. म्हणजे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर, विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देणारं पथक. ती १९२० नंतरची, आणि १९४२ मध्ये तिचं नाव बदलून यू.ओ.टी.सी. झालं. एन.सी.सी. आली १९४८ साली. वाडिया कॉलेज निघालं १९३२ मध्ये. तेव्हा तुमचा अंक १९३२ ते १९४२ या दहा वर्षांतला धरायला हरकत नाही. अंक याहून बराच जुना असता तर सामन्यांच्या यादीत ‘न्यू पूना कॉलेज’ हे नाव मिळालं असतं. ते १९१६ साली सुरू झालं आणि पुढे सर परशुरामभाऊ, म्हणजे आपलं एस.पी. झालं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या अहवालांनी मला जेवढी मदत केली, तेवढी कुठल्याच सूचीने केली नाही.

आता ही दहा वर्षं आणखी कमी करता येतील. अहवालात शोकप्रस्ताव शोधा. पंचम जॉर्ज जानेवारी १९३६ मध्ये वारले आणि त्या काळच्या कॉलेजांना त्याची नोंद घ्यावीच लागे. कॉलेजला ५० वर्षं झाली ती १९३५ साली, त्याचा उल्लेख दिसतो का पाहा. सप्टेंबर १९३९ नंतरचा अंक असेल तर संपादकीयात महायुद्ध येईलच, आणि पुढेपुढे कागदाच्या टंचाईने अंक बारीक झालेले दिसतात. ग्रुप फोटोत पुढे बसलेल्याच्या पायाशी पाटी असेल तर भिंग घेऊन बसा. कित्येकदा पाटीवर वर्ष असतं आणि छपाईत ते पुसट झालेलं असतं.

प्राध्यापकांचा फोटो असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव जरूर शोधा. भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी ज्यांनी बदलली ते हेच कोसंबी १९३३ पासून १९४५ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. त्यांचे वडील धर्मानंद त्याआधी इथेच पाली शिकवत.

तुम्ही कॉलेजचा इतिहासही विचारला आहे. तो मोठा आहे, मला महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगते. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, एम.ए. होऊन आगरकर पुढच्या वर्षी आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी कॉलेज सुरू झालं. उद्घाटन केलं एल्फिन्स्टन कॉलेजच्या वर्ड्सवर्थ यांनी, म्हणजे त्या कवीच्या नातवाने. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १,२०० रुपये दिले होते, कॉलेजला नाव त्यांचं. पण ते उभं राहिलं आजीव सभासदांच्या त्यागावर. गोखल्यांनी २० वर्षं ७५ रुपये पगारावर शिकवायचं कबूल केलं होतं. बाहेरून आणखी कमवायचं की नाही, सार्वजनिक कामात किती पडायचं, यावरून आत कडाक्याचे वाद झाले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. या भांडणाला लोक आज टिळक आणि आगरकर या दोन मोठ्या माणसांचा हट्ट म्हणून पाहतात. मला ते तसं वाटत नाही. शिक्षकाने आपलं किती द्यायचं, हा प्रश्न त्यांनी जिवावर घेतला होता.

पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही आपण उघडतो, ते १८९२ साली गेले तेव्हा जेमतेम चौतिशीचे होते. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले आणि तेही तीन वर्षांत, १८९५ च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षी कॉलेज गद्रे वाड्यातला संसार मागे सोडून टेकडीच्या पायथ्याशी आजच्या इमारतीत आलं होतं. १९०२ पासून दोन दशकं रँग्लर परांजपे. परदेशी कपड्यांच्या होळीनंतर १९०५ मध्ये सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं, ते याच काळात. आणि याच परांजप्यांच्या घरी वाढलेली एक मुलगी १९२६ साली इथून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली, ती म्हणजे इरावती कर्वे. तुमच्या अंकात पुढच्या रांगेत नऊवारीत बसलेल्या दोन-चार मुली दिसतील, त्यांच्याकडे घाईने पाहू नका.

काय करायचं ते आता. किंमत किती येईल, असं तुम्ही विचारलंत. विकू नका. ज्यांची चरित्रं लिहिली गेली त्यांना या अंकाची गरज नाही. पण मागच्या रांगेत उभ्या असलेल्या, तालुक्याच्या गावाहून आलेल्या, पुढे वकील, मास्तर किंवा कारकून झालेल्या मुलाचं छापील नाव जगात कदाचित या एकाच पानावर असेल. आम्ही ग्रंथालयात जुने अंक बांधायला देताना मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचो, बांधणी जाड होते म्हणून. सांगणारं कोणी नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. खाणावळींचे दर, शिंप्यांची दुकानं, सायकली, सगळं त्या पानांवर होतं. नंतर एक मुलगा संशोधनासाठी तेच शोधत आला आणि मला त्याला रिकाम्या हाताने पाठवावं लागलं. म्हणून तुमच्याकडच्या मागच्या पानांना जपा.

अंक आडवा ठेवा, उभा नको. पिना गंजल्या असतील तर ओढू नका, जाणत्या बांधणीकाराकडून काढून घ्या. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. लॅमिनेशन नको, कडुनिंबाचा पालाही नको, त्याचे डाग पडतात. गुळगुळीत पानं दमटपणाने एकमेकांना चिकटली असतील तर जोर लावू नका. प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता फोटो काढा आणि त्या प्रती कॉलेजच्या ग्रंथालयाला द्या.

आणि तुम्ही लिहिलंय की आजोबांची धाकटी बहीण अजून आहे, नव्वदीची. फोटो मोठा छापून या आठवड्यातच आत्याआजींकडे घेऊन जा. नावं विचारू नका, ती खाली छापलेलीच आहेत. यातला कोण घरी जेवायला यायचा, एवढं विचारा, आणि त्या सांगतील ते वेगळ्या कागदावर उतरवून घ्या.