विकतची टिपणे हाताशी असताना स्वतःची कशाला?

स. न. वि. वि.

आपली कन्या पुण्यात राज्यसेवेची तयारी करते आहे. यशस्वी उमेदवारांच्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती आपण विकत घेऊन दिल्या असूनही ती रोज दोन-अडीच तास स्वतःची टिपणे काढत बसते, हा वेळ वाया जातो आहे का, असे आपण पत्रात विचारले आहे. माझ्या मते तो वाया जात नाही. मात्र ती टिपणे कशी काढते, हे पाहायला हवे.

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. बहुपर्यायी प्रश्नांत योग्य पर्याय ओळखता आला की भागत असे, आता कोऱ्या पानावर स्वतःच्या वाक्यांत मांडणी करावी लागते. पंचायत राज हा घटक घ्या. विकतच्या टिपणांत १९५७ची केंद्राने नेमलेली बलवंतराय मेहता समिती, १९६०ची महाराष्ट्राची वसंतराव नाईक समिती आणि १ मे १९६२ पासूनच्या जिल्हा परिषदा हे सारे सुबक चौकटीत मिळते. परंतु मेहता समितीचा भर गटपातळीवरच्या पंचायत समितीवर असताना नाईक समितीने जिल्हा परिषदेला अधिक बळ का दिले, हे पुस्तक मिटून चार ओळींत लिहू पाहिले, की आपली समज कुठवर पोहोचली आहे ते तिथल्या तिथे उघड होते. जिथे लेखणी अडते तेच पुन्हा वाचायचे असते, आणि दुसऱ्याच्या टिपणात ती जागा सापडत नाही, कारण तो भलतीकडेच अडला असण्याचा संभव असतो.

लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान बरेचसे शब्दशः उतरवतात, असे म्युलर आणि ओपनहायमर या मानसशास्त्राच्या संशोधकांना २०१४च्या अभ्यासात आढळले होते. हाताने लिहिणाऱ्यांची त्यात दिसलेली सरशी नंतरच्या पडताळणीत तितकी ठळक राहिली नाही, म्हणून वही की टॅब या वादात मी पडत नाही. शब्दशः उतरवणे मात्र वहीतही होते, आणि आपली कन्या चार रंगांच्या पेनांनी पुस्तकच वहीत उतरवत असेल, तर आपली काळजी रास्त आहे.

विकतच्या प्रती टाकून देऊ नयेत. स्वतःचे टिपण पूर्ण झाल्यावर राहून गेलेले मुद्दे ताडून पाहण्यास त्या उपयोगी पडतील. ती सुट्टीत घरी येईल तेव्हा वही न उघडता एखादा घटक आपल्याला समजावून सांगण्यास सांगावे, फक्त परीक्षकाच्या सुरात नव्हे.

कळावे, लोभ असावा.