प्रोफाईल कोरं, मागणी अडीच महिन्यांची: नाशिकचा फ्लॅट द्यावा का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: गंगापूर रोडचा फर्निश्ड फ्लॅट एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या ॲपवर टाकलाय, एकाने अडीच महिन्यांसाठी रिक्वेस्ट पाठवलीय, त्याची ओळख पडताळलेली नाही, मागचा एकही रिव्ह्यू नाही आणि उत्तर द्यायला हातात २४ तास आहेत.

लगेच हो म्हणू नका. पण प्रोफाईल कोरं आहे एवढ्यावरून नाहीही म्हणू नका. पाथर्डी फाट्याला आमचा एक फ्लॅट मी असाच चालवते. महिना-दोन महिने राहायला येणारे बहुतेक जण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मशीन बसवायला नाहीतर ट्रेनिंगला आलेले असतात. आजवर कंपनी हॉटेल बघून द्यायची, या खेपेला "तुमचं तुम्ही बघा" म्हणाली, म्हणून ॲप पहिल्यांदाच उघडलेलं. त्यांना रिव्ह्यू देणार कोण? आणि व्हेरिफाइडची खूण असली तरी ती एवढंच सांगते, की या माणसाने ॲपला ओळखपत्र दाखवलं होतं. तो वेळेवर जागा सोडेल की नाही, हे त्या खुणेला काय माहीत!

मी बघते ते हे, की सांगितलेलं कारण आणि मागितलेली मुदत एकमेकांना शोभतात का. नाशिककराला हे सोपं जातं, कारण इथे कोण कशाला येतं ते आपल्याला ठाऊक असतं. त्र्यंबकला नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा. त्यासाठी कोणी दोन महिने घर मागत असेल तर पुढचं विचारायलाच हवं. इगतपुरीचं विपश्यना शिबिर दहा दिवसांचं, राहणं-जेवण तिथेच, मध्ये बाहेर पडायची सोय नाही. मग 'विपश्यनेसाठी महिनाभर तुमच्याकडे' हे कसं जमायचं?

म्हणून ॲपवर मेसेज करून आधी मोघमच विचारा, कुठे काम आहे म्हणून. एकाने मला "अंबड एमआयडीसीत, मेन गेटजवळ" असं उत्तर दिलं होतं. अंबडला कसलं आलंय मेन गेट! खरा कामाला येणारा म्हणतो, "गरवारे पॉइंटवरून आत जावं लागतं, सातची शिफ्ट आहे, गीझर चालू असतो ना? डबा मिळेल का जवळपास?" राहायला येणाऱ्याला वॉशिंग मशीन, पार्किंग, पाण्याची वेळ असल्या गोष्टींची काळजी असते. फसवणाऱ्याला घरात काडीचा रस नसतो, त्याचं सगळं बोलणं पैसे कसे पाठवायचे यावर येऊन थांबतं.

यातला देवळालीच्या लष्करी छावणीचं नाव सांगून फसवण्याचा प्रकार तर आपल्याकडे सहज खपेल असा आहे. "आर्टिलरीत बदली झालीय, फॅमिली मागून येईल", सोबत गणवेशातला फोटो, कँटीन कार्ड. मग "ॲडव्हान्स आमच्या ऑफिसमधून येईल, आधी तुम्ही एक रुपया पाठवा" किंवा "हा क्यूआर स्कॅन करा". पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की तुमच्या खात्यातून पैसे जाणार हे पक्कं. असं काही घडलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. व्यवहार ॲपबाहेर न्यायचा आग्रह दिसला तर बोलणंच थांबवा. २८ रात्री किंवा जास्त मुक्काम असेल तर एअरबीएनबी पहिल्या महिन्याचे पैसे बुकिंगच्या वेळी घेतं, पुढचे दर महिन्याला. म्हणजे खऱ्या पाहुण्याला बाहेरून पैसे द्यायची गरजच पडत नाही.

आता कागदाचं. इथे मात्र मी अजिबात सूट देत नाही. अडीच महिन्यांचा पाहुणा मुदत संपल्यावर हलला नाही तर तुमच्या हातात काय राहील, हा प्रश्न स्वतःला विचारा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार असेल तर कलम २४ तुमच्या बाजूने उभं राहतं: मुदतीनंतर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणी आता घरबसल्या होते, शहरात फी १००० रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. शिवाय ती आधारवर होते, दोघांचे अंगठे मशीनवर लागतात. ज्याची ओळख पडताळलेली नाही म्हणून तुम्ही घाबरताय, त्याची याहून पक्की पडताळणी कोणतं ॲप करणार? व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो मात्र मी पुरावा धरत नाही. फार तर त्यावरचा क्यूआर आधारच्या ॲपने स्कॅन करून नाव-फोटो ताडून बघते. करार लागेल आणि ओळखपत्र दाखवावं लागेल, हे लिस्टिंगच्या नियमांत आधीच लिहून ठेवा. बुकिंग झाल्यावर नवी अट घातली तर ॲप पाहुण्याची बाजू घेईल.

भाडेकरूची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भरा. पाहुणा परदेशी असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती इमिग्रेशन खात्याला ऑनलाइन कळवायची असते, मग मुक्काम एका रात्रीचा का असेना. आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, असल्या चौकश्यांनी माणूस कळत नाही, सोसायटीतले काका काहीही म्हणोत.

करारात पोटभाडेकरू ठेवायचा नाही, हे कलम घालायला विसरू नका. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. आत्ताच्या दराने लांब मुदतीचं घर अडकवून पर्वणीला ते दुसऱ्याच कुणाला चढ्या भावाने द्यायचं, हा विचार कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येणारच.

तुमच्या पाहुण्याला आज एवढंच लिहा: "नमस्कार. मुक्काम लांब आहे म्हणून नोंदणीकृत करार करावा लागेल, त्यात आधारवर अंगठा लागतो. तुम्ही कोणत्या कामासाठी येताय आणि सोबत कोण असेल ते कळवा. ॲपवर ओळख पडताळणी पूर्ण केली की रिक्वेस्ट स्वीकारते. हवं तर आधी आठ दिवस राहून बघा, जमलं तर तारखा वाढवू." उत्तर आलं नाही तर २४ तास संपायच्या आत नकाराचं बटण दाबा. रिक्वेस्ट नुसती पडून राहिली तर तुमचाच रिस्पॉन्स रेट खाली जातो.