रिंगेचा आकडा हाती घेऊन पाहा
तुम्ही नुकतेच स्ट्रक्चरल डिझाइनच्या कामाला लागला आहात, म्हणून कळकळीने सांगतो: इमारतीचे वजन जमिनीत उतरवणे तुलनेने सोपे असते, खरी परीक्षा भूकंपाच्या आडव्या बलाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माळवदाची घरे कोसळली, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे थर आरपार दगडांनी एकमेकांना बांधलेले नव्हते आणि डोक्यावर मातीचे जड छत होते. जितके वस्तुमान अधिक, तितके भूकंपाचे बलही अधिक.

आरसीसीच्या कामात कॉलमची रिंग, म्हणजे उभ्या सळ्यांना वेढणारी आडवी सळी, स्वतः हाती घेऊन पाहा. तिच्या टोकांचे आकडे (हुक) ९० अंशांत वळवलेले असतील, तर बाहेरचे काँक्रीट निखळताच ते उघडतात आणि उभ्या सळ्या वाकून बाहेर येतात. १३५ अंशांत वळवून गाभ्यात रुतवलेले आकडे मात्र धरून राहतात. भूकंपरोधक आरसीसी बांधकामाचे भारतीय मानक आयएस १३९२० हेच सांगते. बीम-कॉलमच्या जोडाच्या आतही रिंगा हव्यात; सळ्यांच्या गर्दीत त्या बसवणे त्रासाचे असल्याने नेमक्या तिथेच गाळल्या जातात. मी त्यासाठी एकदा स्लॅबचे काँक्रीट थांबवले होते, आणि तुम्हीही संकोच न करता थांबवा.