हलाखीच्या भागात टिकून राहिलेल्या छोट्या धंद्यांना पुरस्कार देतात. त्याचा धंद्याला खरोखर काही उपयोग होतो का?

तुमची अडचण मला अशी समजली: आसपासचे मोठे कारखाने बंद पडले, गिऱ्हाईक आटलं, तरी तुमचा धंदा उभा आहे. आता एक संस्था मागे लागली आहे की ‘जिद्दीने टिकलेला लघुउद्योग’ म्हणून अर्ज करा. अर्ज भरण्यात आठवडा जाणार, आणि शेवटी हाती मानचिन्हच येणार असेल तर तो आठवडा कामाला का लावू नये, हा तुमचा प्रश्न.

मी छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितो. असे अर्ज दुसऱ्यांसाठी भरले आहेत आणि तीन वेळा निवड समितीतही बसलो आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. माझं उत्तर असं की अर्ज करा, पण पुरस्कारासाठी करू नका. कशासाठी ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये वॉलेस नावाची घरगुती मालकीची कंपनी होती. तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांना पाइप, व्हॉल्व्ह आणि जोडसामान पुरवायची. माणसं पावणेतीनशेच्या आसपास. 1986 मध्ये कच्च्या तेलाचे भाव निम्म्याहून खाली कोसळले आणि तेलावर जगणारं ते शहर गाळात गेलं. वॉलेसने तेव्हा कामाची पद्धतच बदलली. वेळेवर माल पोचण्याचं प्रमाण 1987 मध्ये 75 टक्के होतं, ते 1990 पर्यंत 92 टक्क्यांवर नेलं. त्याच वर्षी त्यांना लघुउद्योग गटात माल्कम बाल्ड्रिज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार मिळाला. त्या देशात गुणवत्तेसाठी यापेक्षा मोठा सन्मान नाही. आणि 1992 मध्ये याच कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं.

म्हणजे पुरस्कार खोटा होता का? नाही. सुधारणा खरी होती. पण तिचा खर्चही खरा होता, आणि बाजार अजून मंदच होता. शिवाय या पुरस्काराची अटच अशी की विजेत्याने आपली पद्धत इतरांना समजावून सांगायची. पाहुणे येतात, भाषणं होतात, मालकाचा वेळ जातो. शंभर माणसांच्या व्यवस्थापनाला हे झेपेल; जिथे मालकच खरेदी, वसुली आणि कुलूप-किल्ली सांभाळतो तिथे त्याचे चार दिवस बाहेर गेले की उधारी अंगावर येते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत मालमेंडिअर आणि टेट या दोन अर्थतज्ज्ञांनी 2009 मध्ये हेच दाखवलं होतं: मासिकांनी गौरवलेले प्रमुख पुढे पुस्तकं लिहिण्यात आणि इतर कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसण्यात जास्त वेळ घालवतात आणि कंपनीची कामगिरी घसरते.

दुसरी बाजूही आहे. हेंड्रिक्स आणि सिंघल या दोन संशोधकांनी गुणवत्ता पुरस्कार मिळवलेल्या शेकडो कंपन्यांची तशाच इतर कंपन्यांशी तुलना केली. विजेत्यांचा नफा पुढे जास्त वाढलेला दिसला, आणि त्यातही लहान कंपन्यांना मोठ्यांपेक्षा अधिक फायदा झाला होता. पण ते पुरस्कार कामाची पद्धत तपासून दिलेले होते. ‘किती सोसलं’ यावर दिलेल्या पुरस्काराला तो निष्कर्ष लागू करता येत नाही, आणि हलाखीच्या भागांसाठीचे बरेच पुरस्कार सोसण्यावरच दिले जातात.

सगळे नाहीत. मायकेल पोर्टर या अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञाने 1994 मध्ये तिथल्या शहरांच्या गरीब, मागे पडलेल्या भागांतल्या उद्योगांसाठी एक संस्था काढली. तिने 1999 पासून ‘इंक’ मासिकाबरोबर अशा भागांतल्या झपाट्याने वाढणाऱ्या शंभर कंपन्यांची यादी द्यायला सुरुवात केली. निकष उलाढालीच्या वाढीचा. दयेचा प्रश्नच नाही. पोर्टर यांचं म्हणणं असं की या भागांचेही काही फायदे असतात: मोठ्या बाजारपेठेजवळची जागा, दुर्लक्षित राहिलेलं गिऱ्हाईक, कामाला तयार असलेली माणसं. मला ही रीत आवडते. तिचा दोषही उघड आहे: वाढला नाही पण कुणाला कामावरून काढलंही नाही, असा धंदा त्या यादीत येऊच शकत नाही. दुसरं टोक ब्रिटनच्या राजाच्या नावाच्या उद्योग पुरस्काराचं. 1965 मध्ये राणीच्या नावाने सुरू झालेला हा पुरस्कार रोख रक्कम देत नाही. पाच वर्षं बोधचिन्ह वापरायची मुभा देतो. निर्यात करणाऱ्याला ते बोधचिन्ह दरपत्रकावर छापून उपयोगी पडेल. ज्याचं गिऱ्हाईक दोन गल्ल्यांपलीकडे जात नाही त्याला भिंत सजवायला.

आता समितीच्या खोलीत काय चालतं ते सांगतो. अर्ज वाचताना आम्हाला फक्त जगलेले दिसतात. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने हाच मुद्दा विमानांबाबत मांडला होता: परत आलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांची भोकं नाहीत तिथे चिलखत लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अर्जात ‘हार मानली नाही’ असं वाक्य असतं. बंद पडलेल्यांनीही ती मानली नव्हती. त्यांचा अर्ज येत नाही एवढंच. म्हणून परीक्षकाला त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

मी शोधतो ते वेगळं. तग धरला, पण कुणाच्या पैशावर? बहुतेक वेळा उत्तर ‘पदरमोड’ असतं: मालकाने पगार घेतला नाही, घरच्यांनी फुकट राबून दिलं, पुरवठादाराचं देणं लांबवलं. यात लाज काही नाही, पण ते लिहिलेलं असावं. एका वर्षी दोन अर्ज शेवटच्या फेरीत होते. एकाने चार पानं पुराचं वर्णन केलं होतं, सोबत चिखलाने माखलेल्या यंत्रांचे फोटो. दुसऱ्याचं अर्धं पान: मोठा ग्राहक गेला त्याच महिन्यात उधारी बंद केली, एक यंत्र विकलं, नवं बनवण्याऐवजी दुरुस्तीची कामं धरली, तिघांपैकी कुणाला काढलं नाही, मालकाचा पगार अकरा महिने शून्य. बक्षीस पहिल्याला गेलं. मी विरोधी मत नोंदवलं, अध्यक्ष म्हणाले, “तुमचं खरं आहे, पण व्यासपीठावर सांगायला काहीतरी लागतं ना.” पुराचा अर्जदार नालायक होता असं मुळीच नाही. पण पुढच्या फटक्याला कोण उभं राहील हे सांगणारा कागद दुसराच होता, असं मला आजही वाटतं.

म्हणून अर्ज लिहायचा तर तीन काळांचे आकडे द्या: पडझडीआधीचा एक महिना, सगळ्यात वाईट महिना आणि आत्ताचा. उलाढाल, येणी, देणी, माणसं. एकाच ग्राहकाकडून किती टक्के धंदा येतो तेही लिहा, तेव्हाचं आणि आजचं. आणि एक आकडा जो जवळजवळ कुणीच देत नाही: विक्री आज थांबली तर हातातल्या रोकडीवर किती दिवस खर्च भागेल. जेपीमॉर्गन चेस बँकेच्या संशोधन संस्थेने 2016 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख छोट्या धंद्यांची खाती तपासली, तेव्हा अगदी मधल्या धंद्याकडे (निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली) 27 दिवसांची रोकड निघाली, खानावळींकडे 16. तुमचे दिवस 10 वरून 30 वर गेले असतील, तर तग धरणं म्हणजे काय ते त्या एका ओळीत येतं.

अर्ज करण्याआधी संस्थेकडे मात्र खोदून चौकशी करा. अर्जाची फी आहे का, समारंभाचं टेबल विकत घ्यावं लागतं का, बोधचिन्ह वापरायला वेगळे पैसे पडतात का? यातल्या दोन गोष्टींना होकार आला तर तो पुरस्कार नव्हे, तुम्हाला विकली जाणारी जाहिरात आहे. सरळ नाही म्हणा. रोख बक्षीस असेल तर ते हातात कधी पडतं हे लेखी घ्या. मागच्या चार-पाच विजेत्यांना स्वतः फोन करा, त्यातले किती अजून चालू आहेत आणि त्यांना पुरस्कारानंतर नवीन ऑर्डर मिळाली का, एवढंच विचारा. एखादी संस्था विजेत्याला मोठ्या खरेदीदारांशी गाठ घालून देते किंवा वर्षभर सल्लागार देते; तसं असेल तर रोख नसली तरी अर्ज करण्यासारखा आहे.

एक गोष्ट लोक विसरतात. बातमी छापून आली की ती तुमचा जागामालकही वाचतो आणि थकबाकी मागणाराही. एका विजेत्याच्या जागेचं भाडं वाढवायची नोटीस सत्काराच्या पुढच्याच महिन्यात आली, हे मी स्वतः पाहिलंय. करार संपत आला असेल तर आधी तो नवा करून घ्या. आणि तुमच्या भागाला जाहीरपणे ‘मागास’, ‘कोलमडलेला’ म्हटलेलं शेजाऱ्यांना आवडेल का, याचा विचार तुम्हीच करा. बाहेरचा ग्राहक त्या शब्दांवरून मालाची प्रतही ठरवतो. मी अर्जात भागाविषयी दोनच ओळी लिहायला सांगतो: काय बंद पडलं आणि कधी.

पुरस्काराने बँक विरघळेल अशी आशा धरू नका. बँक रोकड बघते. पुरवठादार मात्र कधीकधी उधारीची मुदत वाढवून देतो; ती ताबडतोब मागायची, सहा महिन्यांनी ते मानचिन्ह कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुरस्कारासाठी करू नका असं मी वर म्हटलं ते या कागदांमुळे. एरवी हे तीन काळांचे आकडे एका जागी मांडायला कुणाला फुरसत होत नाही; अर्जाच्या शेवटच्या तारखेमुळे ते होतं. त्या अर्ध्या पानवाल्याने आपली प्रत जपून ठेवली होती. सात महिन्यांनी तेच कागद, फक्त ताजे आकडे घालून, तो खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी घेऊन गेला आणि त्यावर कर्ज मंजूर झालं. तुम्हीही एक प्रत ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी त्यातला रोकडीच्या दिवसांचा आकडा तेवढा बदलत जा.