सांगायचं की नाही, ते तू ठरव

पोरा,

काल फोनवर म्हणालास, "मावशी, बारा दिवस झाले, एचआयव्हीची गोळी घेतली नाही." कारण काय, तर होस्टेलच्या नव्या रूममेटने बाटलीचा खुळखुळाट ऐकून विचारलं, कसल्या गोळ्या रे? मी चिडले, फोन ठेवला. आता जमेल तितकं शांतपणे लिहिते.

एक तर त्याला सगळं सांगायचं, नाहीतर गोळ्या बंद करायच्या, असं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? कुणाला सांगायचं, कधी, की सांगायचंच नाही, ते तू ठरव. २०१७ चा एचआयव्ही कायदाही म्हणतो की कोर्टाचा आदेश असल्याशिवाय तुझं स्टेटस, म्हणजे तुला एचआयव्ही आहे की नाही, ते सांगायची सक्ती तुझ्यावर कुणाला करता येत नाही. बाटलीत कापसाचा बोळा घाल, वाजणार नाही. लेबल खरवडून टाक. थायरॉईडची गोळी आहे म्हण. त्या खोट्याचं पाप माझ्या माथी.

मी पूर्वी अशी हट्टी नव्हते. पंधराएक वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे समुपदेशनाला यायची. नवरा गेलेला, पदरात मुलगी. मीच तिच्या मागे लागले, सासरी सांग, आधार मिळेल. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलेलं, आणि बऱ्याच घरांत आधार मिळायचाही. तिने सांगितलं. पुढच्या महिन्यात आली आणि पिशवीतून स्टीलचं ताट काढून माझ्यापुढे उपडं ठेवलं. पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तिचं ताट ओळखू यावं म्हणून सासूने लावलेला. हळूहळू तिचं जेवण तुटलं, मग गोळ्या. "कुणासाठी घेऊ?" म्हणायची. शेवटी टीबीने नेली. औषध होतं रे, २००४ पासून सरकार फुकट देतंय. माझा हेतू चांगला होता, हे मी आजही स्वतःला सांगते. तो ठिपका काही डोळ्यांपुढून जात नाही.

तू डॉमिनिक डिसूझांचं नाव घेतलंस, त्यांच्यासारखं उघड जगायचंय म्हणालास. जग की! पण १९८९ साली गोव्यात, एचआयव्ही आहे एवढ्याचसाठी, त्यांना पोलिसांनी नेलं, ६४ दिवस कोंडून ठेवलं. सांगायचं की नाही हे ठरवायची संधीच त्यांना कुणी दिली नाही. ती तुला आहे. ती घाईने, कुणाच्या धाकाने उधळू नकोस. मनापासून वाटेल त्या दिवशी सांग, मी शेजारी बसेन.

आणि तुला आवडते त्या मुलीचं. मागच्या तपासणीत तुझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सापडण्याइतकाही नव्हता. तो तसाच टिकला तर शारीरिक संबंधातून तुझ्याकडून कुणाला लागण होत नाही. मग हे बारा दिवस कशापायी घालवलेस? एका खुळखुळाटापायी?

उद्या सकाळी एआरटी सेंटरला, तुझ्या गोळ्या मिळतात तिथे, जा. बारा दिवसांचं तिथे मात्र लपवू नकोस, डॉक्टर ओरडले तर ओरडू देत. रात्री नऊला गोळी घेतलीस की मिस्ड कॉल दे. मी जागी आहे.

तुझी मावशी